पानाचा जोडधंदा

वनस्पतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत पानाची नेमणूक मुख्यतः एकाच कामावर झालेली आढळते. सूर्यप्रकाश अंगावर घ्यायचा, हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी वर पाठवलेले पाणी यांची सांगड घालून साखर तयार करायची आणि ती उर्वरित झाडाच्या स्वाधीन करायची, या क्रियेस प्रकाशसंश्लेषण म्हणतात. आणि जगातील बहुसंख्य पाने ही क्रिया निमूटपणे पार पाडून यथाकाल पिवळी पडतात व गळून जातात. परंतु ज्या जमिनीत नत्र आणि स्फुरद यांचे दुर्भिक्ष असते, तेथे साखर कितीही तयार झाली तरी प्रथिने बनवण्यास लागणारा नत्र मुळांना सापडत नाही, आणि अशा ठिकाणच्या काही वनस्पतींच्या पानांनी, अपुऱ्या पगारावरील कारकून संध्याकाळी शिकवण्या घेतो किंवा विमा विकतो त्याप्रमाणे, मूळ नोकरी न सोडता एक जोडधंदा पत्करलेला आहे. हा जोडधंदा मांसाहाराचा असल्यामुळे त्याची चर्चा मूळ नोकरीपेक्षा अधिक झाली, हे जगरहाटीला धरूनच आहे.

या व्यवसायातील सर्वांत प्रतिष्ठित घराणे घटपर्णीचे होय. ‘नेपेंथिस’ हे शास्त्रीय नाव असलेल्या या प्रजातीत दीडशेहून अधिक जातींचा समावेश होतो. पश्चिमेस मादागास्कर आणि पूर्वेस न्यू कॅलेडोनिया या तिच्या विस्ताराच्या सीमा असून बोर्निओ, सुमात्रा आणि फिलिपिन्स येथे तिची वस्ती सर्वाधिक दाट आहे. एवढ्या मोठ्या गोतावळ्यातून भारताच्या वाट्याला नैसर्गिकरीत्या एकच जात आली. तिचे नाव नेपेंथिस खासियाना असून तिने मेघालयातील खासी, जैंतिया आणि गारो टेकड्यांपलीकडे विशेष हातपाय पसरलेले नाहीत.

घटपर्णीच्या पानाची रचना समजून घेताना वाचकाने आपल्या डोळ्यांवर फारसा विश्वास ठेवू नये. पानाचा जो हिरवा, रुंद, सपाट भाग पाहून कोणीही सज्जन मनुष्य ‘हे पान’ असे म्हणेल, तो भाग आपल्याकडील पाठ्यपुस्तकांत रूढ असलेल्या स्पष्टीकरणानुसार पर्णपाते नसून रुंदावलेले पर्णतल, म्हणजे पान जेथे खोडाला चिकटते तो तळाचा भाग आहे. त्याच्या टोकापासून निघणारा प्रतान, म्हणजे वेली आधाराला वेढे घालण्यासाठी वापरतात तो सुतासारखा तंतू, हा मूळचा देठ. प्रतानाच्या टोकास लोंबणारा घट हे खरे पर्णपाते. आणि घटावरील झाकण हा पानाच्या शेंड्याचा अवतार. थोडक्यात, तळाने पात्याचा कार्यभार स्वीकारला, देठ वेल चढवण्याच्या कामी रुजू झाला आणि पाते स्वयंपाकघरात बदली होऊन गेले. या खातेपालटाबद्दल वनस्पतिशास्त्रज्ञांत मतभेद आहेत, परंतु पानाने त्यांच्या निर्णयाची वाट न पाहता काम सुरू केलेले आहे.

झाकणाविषयी एक लोकप्रिय गैरसमज येथेच निकालात काढणे इष्ट ठरेल. किडा आत पडताच झाकण खाडकन बंद होते आणि आतून आर्त आवाज येतो, असे दृश्य कल्पित साहित्यात वारंवार रंगवले जाते. प्रत्यक्षात कोवळ्या घटाचे झाकण एकदा उघडले की ते पुन्हा मिटत नाही. पावसाचे पाणी आत शिरून पाचकरस पातळ होऊ नये म्हणून ते बहुतेक जातींत छत्रीचे काम करते, आणि त्याच्या खालच्या बाजूस मकरंद पाझरत असल्याने पाहुण्यांना वरपर्यंत आणण्याचे कामही त्याच्याकडेच असते. बोर्निओ व आसपासच्या प्रदेशातील नेपेंथिस ग्रॅसिलिस या जातीने मात्र याच झाकणाचा आणखी एक उपयोग शोधून काढला आहे. पावसाचा थेंब वर आपटला की तिचे ताठ झाकण झटक्याने हलते आणि झाकणाखाली पावसापासून आडोसा घेत मकरंद चाटणारी मुंगी सरळ खालच्या द्रवात जाऊन पडते. पावसात आडोसा देणाऱ्याचे उपकार मानावेत हे खरे, पण आडोसा कोणाचा आहे याची चौकशी आधी करावी, हे ज्ञान त्या मुंगीला मिळते तेव्हा ते इतरांना सांगण्याची सोय उरलेली नसते.

घटाच्या तोंडाभोवतीची कड हे या व्यवसायाचे मुख्य भांडवल आहे. ही गुळगुळीत, बहुधा रंगीत आणि बाहेर वळलेली कड मकरंदाने माखलेली असते व तिच्यावर आतल्या दिशेने उतरणाऱ्या अतिसूक्ष्म समांतर रेघा असतात. कड कोरडी असताना मुंग्या तिच्यावरून खुशाल फिरतात, खातात आणि घरी जातात; परंतु पाऊस, दव किंवा दमट हवा यांमुळे ती ओली झाली की तिच्यावर पाण्याचा अखंड पापुद्रा पसरतो, कीटकांच्या पायांवरील चिकट गाद्यांना पृष्ठभागाचा स्पर्शच होत नाही आणि मुंगी घसरते. होल्गर बोन आणि वॉल्टर फेडर्ले या संशोधकांनी २००४ मध्ये ही यंत्रणा उलगडून दाखवली. तोपर्यंत कडेखालच्या मेणचट भिंतीलाच बहुतेक सर्व श्रेय दिले जात असे. मेणचट भिंतीवर अन्याय होऊ नये म्हणून नोंदवले पाहिजे की, अनेक जातींत ती पडलेल्या किड्याला वर चढू देत नाही; म्हणजे आत आणण्याचे खाते कडेकडे आणि बाहेर जाऊ न देण्याचे खाते भिंतीकडे, अशी विभागणी दिसते.

आता साहजिकच अशी शंका येते की, उन्हाच्या कोरड्या दिवसांत हा सापळा बंदच पडत असेल, तर तो सापळा कसला? अभ्यासकांनी या शंकेचे दिलेले उत्तर व्यापारशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी टिपून ठेवावे असे आहे. कोरड्या कडेवर आलेली टेहळणी करणारी मुंगी सुखरूप वारुळात परतते, तेथे उत्तम मकरंदाची वार्ता देते आणि आपल्या भगिनींचा तांडा घेऊन येते. तोवर हवा दमट होऊन कड ओली झाली असेल तर तो तांडाच्या तांडा एका बैठकीत आत उतरतो. सापळा सदैव चालू असता, तर पहिलीच मुंगी बुडाली असती आणि बातमी वारुळापर्यंत पोहोचलीच नसती. पहिल्या ग्राहकाला सुखरूप घरी जाऊ देणे हा उदारपणा नसून ती जाहिरातीवरील गुंतवणूक आहे, हे घटपर्णीला विना-शिक्षण समजले. मनुष्यजातीला त्यासाठी व्यवस्थापनशास्त्राची महाविद्यालये काढावी लागली.

जाहिरातीच्या बाबतीत मेघालयातील आपली जातही मागे नाही. केरळमधील पालोड येथील जवाहरलाल नेहरू उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये असे दाखवून दिले की, अतिनील प्रकाशात नेपेंथिस खासियानाच्या घटाची कड निळसर चमकते, आणि ही चमक झाकून टाकली की घटात पडणाऱ्या भक्ष्याची संख्या लक्षणीयरीत्या घटते. निळी रोषणाई करून खवय्यांना आकर्षित करण्याची ही पद्धत महामार्गांवरील भोजनालयांना कधीपासून अवगत आहे हा स्वतंत्र संशोधनाचा विषय असला, तरी अग्रहक्क घटपर्णीकडे जातो यात संशय नाही.

घटाच्या तळाशी साठलेला द्रव झाकण उघडण्यापूर्वीच तयार झालेला असतो. भिंतीतील ग्रंथी त्यात आम्ल आणि विकरे, म्हणजे अन्नाचे विघटन घडवून आणणारी प्रथिने, सोडतात. त्यांपैकी प्रथिने पचवणाऱ्या एका विकराला या वनस्पतीवरूनच ‘नेपेंथेसिन’ असे नाव मिळाले आहे. काही जातींत हा द्रव चिकट असून धडपडणाऱ्या किड्याभोवती तंतूंप्रमाणे ताणला जातो. या सर्व उद्योगाची किंमतही पानाला मोजावी लागते, कारण घट प्रकाशसंश्लेषणाच्या कामी सपाट पानाच्या तुलनेत फारच मंद असतो. जोडधंदा वाढला की कचेरीतील कामावर परिणाम होतो, हे तत्त्व वनस्पतींतही अबाधित आहे.

विद्वानांनी या व्यवसायाचा अर्थ कसा लावला, हा इतिहास व्यवसायाहून कमी रंजक नाही. येथे अमेरिकेकडे वळावे लागते, कारण आरंभीची चर्चा सॅरॅसिनिया या उत्तर अमेरिकी घटधारी वनस्पतीविषयी झाली. तिचा आणि नेपेंथिसचा जवळचा नातेसंबंध नाही. दोघींनी, आणि नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियातील सेफॅलोटस नावाच्या तिसरीनेही, आपापल्या दरिद्री जमिनीत स्वतंत्रपणे पानाचा घट केला. निराळ्या वंशांतील सजीव सारख्याच अडचणीपोटी सारख्याच उपायाला पोहोचतात, तेव्हा त्यास अभिसारी उत्क्रांती म्हणतात. तर अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मार्क केट्सबी या इंग्रज निसर्गाभ्यासकाने सॅरॅसिनियाच्या पोकळ पानांत कीटक पाहिले आणि असे अनुमान काढले की, बेडकांसारख्या शत्रूंपासून जीव वाचवण्यासाठी कीटक या पानांत आश्रय घेत असावेत. अनुमान अगदीच निराधार म्हणता येणार नाही. या पानात उतरलेल्या किड्याला त्यानंतर कोणत्याही बेडकापासून उपद्रव झाल्याची नोंद नाही. सर्व सजीवांना नावे देण्याचे कंत्राट घेतलेल्या कार्ल लिनियसने आणखी पुढची पायरी गाठली आणि ही पाने तहानलेल्या पाखरांसाठी पाणी साठवतात असे मानले. एकाला त्यात धर्मशाळा दिसली, दुसऱ्याला पाणपोई. सृष्टीत परोपकारच भरलेला आहे असे एकदा ठरवल्यावर पाण्यावर तरंगणारे पाय आणि पंख नजरेआड करणे फारसे अवघड नसते.

मांसाहाराचा आरोप सिद्ध होण्यासाठी एकोणिसावे शतक उत्तरार्धाला लागावे लागले. जोसेफ डाल्टन हुकर या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने घटपर्णीच्या घटांत अंड्याचा पांढरा बलक, कच्चे मांस, कूर्चा इत्यादी पदार्थ टाकून ते विरघळताना पाहिले आणि १८७४ साली बेलफास्ट येथे ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत वनस्पतींच्या मांसाहारी सवयींवर भाषण दिले. पुढच्याच वर्षी चार्ल्स डार्विनचा कीटकभक्षी वनस्पतींवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, ज्यात दवबिंदू या छोट्या वनस्पतीचा पाहुणचार इतक्या तपशिलाने वर्णिला आहे की, एखाद्या जावयाचाही तेवढा झाला नसेल.

हुकरने नावे देण्यातही हात आखडता घेतला नाही, आणि येथे इतिहासाने एक गंमत करून ठेवली. ह्यू लो हा ब्रिटिश प्रशासक बोर्निओतील किनाबालू पर्वत चढला. तेथे सापडलेल्या एका जातीस हुकरने त्याच्या सन्मानार्थ नेपेंथिस लोवी हे नाव दिले, तर त्याच पर्वतावरील दुसऱ्या प्रचंड घटांच्या जातीस सारावाकचा गोरा राजा जेम्स ब्रुक याच्या गौरवार्थ नेपेंथिस राजा असे नाव दिले. या राजाच्या घटात काही लिटर द्रव मावतो, आणि स्पेन्सर सेंट जॉन याने १८६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात त्यात बुडालेल्या उंदराचा उल्लेख केल्यापासून त्याची दहशत वाढतच गेली. दीडशे वर्षे दोन्ही नावे मानाने मिरवत राहिली. मग २००९ मध्ये चार्ल्स क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरीक्षणान्ती असे प्रसिद्ध केले की, लोवी जातीचे पक्व, वरच्या भागातील घट किडे पकडण्याच्या भानगडीत जवळजवळ पडतच नाहीत. चिचुंद्रीसारखा दिसणारा, झाडांवर वावरणारा तुपाया नावाचा छोटा सस्तन प्राणी घटावर चढून बसतो, झाकणाच्या खालच्या बाजूस पाझरणारा पांढरा स्राव चाटतो, आणि चाटता चाटता घटातच मलविसर्जन करून जातो. पानातील ५७ ते १०० टक्के नत्र या मार्गाने येतो. घटाचे तोंड आणि झाकणातील स्राव यांमधील अंतर तुपायाच्या अंगकाठीशी जुळते, त्यामुळे नेम चुकण्याचा संभव राहत नाही. पुढे राजा जातीकडेही तुपाया दिवसा आणि एक पहाडी उंदीर रात्री याच हेतूने येत असल्याचे आढळले. अशा रीतीने साम्राज्यातील एका मान्यवर प्रशासकाचे आणि एका राजाचे नाव दोन शौचालयांस लाभले. हुकरच्या सद्हेतूविषयी शंका घेण्याचे मात्र कारण नाही.

या शोधानंतर घटपर्णीला सरसकट शिकारी म्हणणे कठीण होऊन बसले आहे, कारण नत्र मिळाल्याशी मतलब असे एकदा ठरल्यावर तिने धंद्याच्या शाखा वाढवत नेल्याचे दिसते. हेम्सलेयाना ही बोर्निओतील जात एका लहानशा लोकरी वटवाघळाला दिवसा झोपण्यासाठी आपला घट देते. घटाच्या मागच्या आतील भिंतीचा आकार असा असतो की, वटवाघळाने सोडलेल्या श्राव्यातीत, म्हणजे मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीचा प्रतिध्वनी त्याला घट दाट झाडीतही शोधून देतो. मोबदला म्हणून वटवाघूळ आपली विष्ठा आत टाकते आणि पानाच्या नत्राचा सुमारे एक तृतीयांश हिस्सा भागतो. भाडे रोज, जागेवरच आणि मालाच्या स्वरूपात वसूल होते, ही व्यवस्था पाहून मुंबई-पुण्यातील घरमालकांना हेवा वाटल्यास नवल नाही. अल्बोमार्जिनाटा जातीने कडेखाली पांढऱ्या लवेचा पट्टा वाढवून केवळ वाळवीला चटावले आहे; वाळवी ती लव चरायला रांगेने येते आणि हजारोंनी आत पडते. बायकॅल्कॅराटा जातीच्या फुगीर, पोकळ प्रतानात एका विशिष्ट जातीच्या मुंग्या घर करतात, घटातील द्रवात सूर मारून पडलेले भक्ष्य ओढून काढतात, कडेची साफसफाई करतात आणि उष्टे-खरकटे मालकिणीसाठी ठेवतात. ॲम्पुलॅरिया जातीने तर शाकाहाराकडेच लक्षणीय कल दाखवला आहे. तिचे बुटके, गोल घट जमिनीवर गर्दीने बसलेले असतात, झाकण मागे वळलेले असल्याने वरच्या झाडांचा पालापाचोळा थेट आत पडतो, आणि तिच्या पानातील नत्राचा एक तृतीयांशाहून अधिक भाग या पाचोळ्यातून येतो. याच घटांत एक चिमुकला बेडूक अंडी घालतो व त्याची पिले तेथेच वाढतात, म्हणजे बेडकांपासून दूर राहण्यासाठी किडे पानात शिरतात हा केट्सबीचा सिद्धान्त निदान बोर्निओत तरी पार बुडालेला आहे. आणि २०२२ मध्ये वर्णिलेल्या प्युडिका जातीने उत्तर कालिमंतानच्या डोंगरात आपले घट चक्क जमिनीखाली नेऊन ठेवले आहेत, जेथे ती मुंग्या, बारीक कोळीवर्गीय जीव आणि भुंगेरे गिळते. कोणत्याही धंद्याची भरभराट झाली की त्याचा काही भाग भूमिगत होतोच.

मेघालयातील खासियानाकडे असली विलासी वैविध्ये नाहीत. ती आपली मुंग्या, माश्या आणि तत्सम साध्या मंडळींवर निर्वाह करते. स्थानिक समाजांत तिच्या न उघडलेल्या घटातील द्रव डोळ्यांच्या तक्रारींवर वापरण्याची परंपरा आहे. कोळशाच्या खाणी, झूम शेती आणि हौशी संग्राहक यांमुळे तिची संख्या घटत गेली, तेव्हा तिला आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक निर्बंध घालणाऱ्या यादीत स्थान मिळाले आणि दक्षिण गारो टेकड्यांतील बाघमारा येथे तिच्यासाठी स्वतंत्र अभयारण्य करण्यात आले. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात वनस्पतींचीही एक छोटी यादी पुढे जोडण्यात आली व तीत घटपर्णी समाविष्ट झाली. त्याच अधिनियमाने काही फुलपाखरे आणि भुंगेरेही संरक्षित केलेले आहेत. संरक्षित वनस्पतीने संरक्षित कीटक खाल्ल्यास फिर्याद कोणी नोंदवावी आणि पंचनाम्यात मुद्देमाल कसा दाखवावा, याविषयी अधिनियम मौन पाळतो.

महाराष्ट्रात घटपर्णी रानात उगवत नाही, यावरून मराठी भूमी सात्त्विक ठरते असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. साताऱ्याजवळील कास पठारावर आणि कोकण-गोव्यातील जांभ्या खडकाच्या सड्यांवर माती इतकी उथळ आणि नत्रहीन असते की, पावसाळ्यात तेथे हाच जोडधंदा लहान प्रमाणावर सुरू होतो. दवबिंदू आपल्या पानांवरील चिकट, चकाकत्या थेंबांत चिलटे अडकवून ठेवतो. तर सीतेची आसवे या नावाने ओळखली जाणारी जांभळी-निळी फुले ज्या वनस्पतीला येतात, तिने ओल्या मातीत आणि पाण्यात सूक्ष्म पिशव्या पसरलेल्या असतात, ज्यांचे दार स्पर्श होताच उघडून भक्ष्य पाण्यासकट आत ओढले जाते. हा व्यवहार एक सहस्रांश सेकंदाहूनही कमी वेळात आटोपतो. भाद्रपदात पठारावर सहकुटुंब येणारी मंडळी या फुलांच्या गालिच्यासमोर अतिशय भावपूर्ण मुद्रेने छायाचित्रे काढून घेतात आणि पायाखाली चाललेल्या सार्वजनिक भोजनाची त्यांना दादही नसते. भोजनातील पदार्थांना असते, पण त्यांचे मत विचारण्याची प्रथा नाही.

मनुष्याने या साऱ्या हिशेबात आपला वाटा कसा काढला हेही सांगणे प्राप्त आहे. मलेशियात आणि बोर्निओच्या काही भागांत घटपर्णीचे घट स्वच्छ धुऊन, त्यांत चिकट तांदूळ आणि नारळाचे दूध भरून ते वाफवले जातात. ‘लेमांग पेरिउक केरा’ या नावाने हा पदार्थ बाजारात आणि सणासुदीला मिळतो व आवडीने खाल्ला जातो. मांसाहारी वनस्पतीत शिजलेला भात उपवासाला वा एरवीही चालेल काय, असा प्रश्न सोवळ्या वाचकाच्या मनात उद्भवण्याची शक्यता गृहीत धरून येथे एवढेच नमूद करता येईल की, घट बुटका, गोल आणि भरायला सोपा असल्याने या पदार्थासाठी बहुधा ॲम्पुलॅरियाच वापरली जाते, म्हणजे त्या कुळातील त्यातल्या त्यात शाकाहारी शाखा. तिने मधूनमधून गिळलेल्या मुंग्यांबद्दल प्रत्येकाने आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून काय ते ठरवावे.